पाणपालीचं विष

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हाच्या राजांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत, तेव्हा एका उंच डोंगराच्या कुशीत चुना भाजणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावात एका सकाळी एक बाई दुसरीच्या घरामागं कुडाला कान लावून उभी होती. आतून तिला एवढं ऐकू आलं :

"पाणपालीच्या अंगात विष असतं, पोरी. जालीम विष. म्हणून तर..."

तेवढ्यात बाईच्या स्वतःच्या घराकडून करपल्याचा वास आला. चुलीवरचं दूध उतू गेलं होतं. बाई पदर खोचून धावत सुटली.

उरलेलं वाक्य कुडाच्या आतच राहिलं. बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, ही सगळी गोष्ट त्या राहिलेल्या वाक्याची आहे.

आता ही पाणपाल कोण, ते आधी सांगते. दिसायला पालीसारखीच. चार पाय, लांब शेपूट. पण घरातल्या पालीसारखी कोरडी खरखरीत नाही. बेडकासारखी ओली आणि मऊ. काळंभोर अंग, आणि त्यावर कोणी हळदीची बोटं उमटवावीत तसे पिवळे ठिपके. तिची पिल्लं पाण्यातच वाढायची. त्यांच्या गळ्याशी दोन्ही बाजूंना तुऱ्यासारखे झुबके असायचे आणि त्या झुबक्यांनी ती पाण्यातल्या पाण्यात श्वास घ्यायची. मोठ्या पाणपाली झऱ्यातल्या दगडांखाली, शेवाळाच्या गारव्यात पडून राहायच्या. ऊन त्यांना सोसायचं नाही. अंग सुकलं की त्यांचा जीव जायचा.

गावाला पाणी होतं ते एवढ्या एका झऱ्याचं. डोंगराच्या कपारीतून यायचं, गार, गोड. झऱ्यावर जाण्याच्या गावाच्या रीती होत्या. झऱ्यातला अर्धा बुडालेला दगड उचलला तर ज्या बाजूला तो ओला होता ती बाजू खाली करूनच परत ठेवायचा. आणि सकाळची पहिली घागर कोणी लगेच बुडवायची नाही. काठाशी उभं राहायचं, गप्प, एखादी पाणपाल दगडाखालून डोकं काढेपर्यंत. ती दिसली की घागर भरायची. असं का, म्हणून विचारलं तर बाया सांगायच्या, "आमची सासू उभी राहायची म्हणून आम्ही राहतो." त्यापलीकडं कोणाला काही ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते येसाईला. येसाई म्हणजे झऱ्याची राखण करणारी म्हातारी. पाण्यात पडलेली पानं ती रोज हातानं वेचायची, वर कोणी झाड तोडायला लागलं तर त्याच्याशी भांडायची. सुगीला घरटी सूपभर धान्य तिला मिळायचं, त्यावर तिचं चालायचं. गावात नवी नवरी आली की थोडे दिवस सकाळच्या वेळी तिला येसाईच्या हाती सोपवायचे, झऱ्याची रीत शिकायला.

आणि कुडाला कान लावणारी ती बाई म्हणजे आवडाई, येसाईची शेजारीण. कोणाच्या घरी कोरड्यास काय शिजलं, कोणाची सून माहेरी जाताना रडली आणि कोणाची हसली, सगळं आवडाईला माहीत. मनानं वाईट नव्हती हो. गावात कोणी आजारी पडलं तर पहिली पेज तिच्याच घरून जायची. पण पोटात तिच्या काही राहायचं नाही. आणि एखादी गोष्ट सांगताना "मला एवढंच ठाऊक आहे" असे शब्द तिच्या तोंडून कधी निघायचे नाहीत.

त्या सकाळी ती पाणपालीसाठी थोडीच उभी होती! तिच्या धाकट्याचं नुकतंच लग्न झालं होतं. सून सपाटीच्या मुलखातली, तुळसा नावाची, अबोल. ती येसाईकडं शिकायला बसली होती, आणि ही पोर म्हातारीजवळ आपल्या नावानं काय काय सांगते, ते आवडाईला ऐकायचं होतं. सून सासूविषयी एक शब्द बोलली नाही. कानावर आलं ते पाणपालीचं, आणि तेही अर्धं.

करपलेल्या दुधाचं भांडं घासता घासता आवडाईच्या मनात ते अर्धं वाक्य फुगायला लागलं. म्हणून तर काय? म्हणून तर लेकरं मरतात? म्हणून तर येसाई दुसऱ्या कोणाला झऱ्यावर बसू देत नाही? भांडं लख्ख झालं तेव्हा तिच्याजवळ पुरं वाक्य तयार होतं. फक्त ते येसाईचं नव्हतं.

ते घेऊन ती थेट साळूकडं गेली. साळू म्हणजे गावच्या नाईकाची बायको. आदल्या थंडीत तिचा मुलगा तापानं गेला होता. मागं उरली होती एकच, चंद्री. चंद्रीची नजर इतकी तीक्ष्ण की झऱ्यावर पाणपाल पहिली तिलाच दिसायची. "आली, आली!" म्हणून ती टाळ्या पिटायची आणि बाया हसत घागरी बुडवायच्या. ज्या दिवशी चंद्री नसेल त्या दिवशी बायांना जास्त वेळ ताटकळावं लागायचं.

साळू अंगणात चंद्रीच्या केसांना तेल लावत होती.

"साळूबाई, एक विचारू? रागावू नका," आवडाई म्हणाली. "तुमचा बाळ गेला तेव्हा झऱ्याचंच पाणी पीत होता ना?"

"म्हणजे काय? गाव तेच पितं की."

"तेच तर. पाणपालीच्या अंगात विष असतं म्हणे."

साळूचा हात केसांतच थांबला. "कोण म्हणतं?"

"दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी मेली विश्वास ठेवला नसता. खुद्द येसाईच्या तोंडून ऐकलंय, या कानांनी. नव्या पोरीला आत बसवून सांगत होती. जालीम विष, म्हणाली. आणि त्या पाण्यात लोळतात, त्यातच पिल्लं घालतात, आणि आपण उभं राहून त्यांची वाट बघतो! वाट बघून विष भरून आणतो घरी!"

"आई, ती चावत नाही काही," चंद्री म्हणाली.

"तू गप गं," साळू म्हणाली, आणि तिनं पोरीला असं जवळ ओढलं की तेलाची वाटी लवंडली.

आता साळूला काय म्हणावं? मूल गेलेल्या आईला कारण हवं असतं. तापाला तोंड नसतं, त्याच्याशी भांडता येत नाही. पाणपालीला तोंड होतं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट भट्टीवर पोचली. आणि नेमकं त्याच आठवड्यात, बघा, भट्टीवरच्या कुत्र्यानं ओल्या गवतातली एक पाणपाल तोंडात धरली. लगेच टाकली, पण तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले, कुत्रं आडवं पडलं. दुसऱ्या दिवशी ते उठून भाकरी मागायला लागलं. ते कोणी पाहिलं नाही. आडवं पडलेलं मात्र सगळ्या गावानं पाहिलं होतं.

नाईकानं चावडीवर गाव बोलावलं. येसाईला पुढं बसवलं.

"येसाई, आम्ही तुझा मान ठेवतो," नाईक म्हणाला. "इकडचं तिकडचं नको. पाणपालीच्या अंगात विष आहे की नाही, एवढंच सांग."

येसाईनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. खोटं बोलणं तिला जमलं असतं, तर गाव वाचलं असतं.

"आहे," ती म्हणाली. "पण..."

"आहे म्हणते!" साळू उभी राहिली. "ऐकलंत? आहे म्हणते! माझ्या लेकराला मातीत घालून वर्ष झालं नाही आणि ही म्हणते आहे!"

"अगं बाई, माझं पुरतं ऐक तरी..."

पण चावडीत एकदम आरडाओरडा झाला आणि म्हातारीचा आवाज त्यात बुडाला.

मागं बायांच्या घोळक्यात तुळसा उभी होती. तिनं सासूचा पदर ओढला. "आत्याबाई, त्या पुढं निराळं म्हणाल्या होत्या. मी होते ना तिथं. त्या म्हणाल्या..."

"गप्प!" आवडाई दातांवर दात धरून पुटपुटली. "लग्नाला वर्ष व्हायच्या आत सून चावडीवर तोंड उघडते का कुठं? माझी लाज काढतेस का चारचौघांत?"

ही त्या गावची आणखी एक रीत. नव्या सुनेनं वर्षभर चावडीवर बोलायचं नाही. वर्ष भरलं की तिला मानानं बोलवायचे, भरलेली घागर वडीलधाऱ्यांपुढं ठेवायला लावायचे आणि म्हणायचे, बोल सूनबाई. मग ती तिथं पहिले शब्द बोलायची. तुळसेनं मान खाली घातली. घरी तरी आवडाईनं विचारावं की नाही, की येसाई पुढं काय म्हणाली होती गं? नाही विचारलं. विचारलं असतं तर आपण कुडामागं उभ्या होतो हे सुनेला कळलं असतं.

आता त्या गावाला हातात धरायला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे चुना. घरात मृत्यू झाला की भिंतींना चुना द्यायचे. लेकराचं पोट दुखलं की चुन्याची निवळी पाजायचे. झाडाला कीड लागली, बुंध्याला चुना. चुन्यानं सगळं शुद्ध होतं, असं त्यांचे वाडवडील मानत आले होते, आणि चुना त्यांचं पोट भरत होता, म्हणून तो वाईट असेल असं कोणाच्या डोक्यातही येत नव्हतं. दुसऱ्या एखाद्या गावानं फार तर काठ्यांनी चार पाणपाली मारल्या असत्या आणि थकून घरी गेलं असतं. या गावानं भट्टीवरचा ताजा कळीचा चुना पाट्या भरभरून आणला आणि झऱ्यात ओतला.

पाणी खदखदलं. दुधासारखं पांढरं झालं.

झऱ्याच्या काठाला एक म्हातारा खेकडा राहायचा. तो कपारीत चढून बसला होता. खाली दगडाशी शेवटची पाणपाल धापा टाकत होती.

"वर ये," खेकडा म्हणाला. "मला कवच आहे, मी कसातरी निभावून नेईन. तुझं काही खरं नाही."

"वर ऊन आहे," पाणपाल म्हणाली. "आणि माझं सगळं अंग म्हणजेच माझं नाक. या पाण्यात मी श्वास कसा घेऊ?"

"मग ते तुझं विष? लोक तर त्याच्या नावानं ओरडतायत. ते नाही का कामाला येत?"

"ते मला खाणाऱ्यासाठी असतं रे," ती म्हणाली. "मला इथं कोणी खातच नाहीये."

त्यानंतर ती बोलली नाही. खेकडा कपारीतून मागच्या मागं निघून गेला, तो त्या झऱ्यावर पुन्हा दिसला नाही.

मग गावानं कामाला जोर लावला. झऱ्यातले सगळे दगड बाहेर काढले, शेवाळ खरवडून टाकलं, दगड उन्हात वाळवले आणि ते रचून चुन्यात पक्का हौद बांधला. हौदावर पानं पडू नयेत म्हणून वरची दाट झाडं तोडली. ती भट्टीत जळण म्हणून गेली, तेवढीच सोय. हौद पूर्ण झाला तेव्हा खरोखर देखणा दिसत होता. पांढराशुभ्र, आरशासारखा. बाया त्यात आपलं तोंड बघायच्या.

"आता कशी घागर भरावीशी वाटते बाई!" आवडाई म्हणाली.

फक्त चंद्री काठावर उकिडवी बसून राहिली. "आई, आज कोणीच नाही आलं. घागर कशी भरायची?"

"आता वाट बघायची नाही, राणी," साळू म्हणाली. "आता खुशाल भरायची."

येसाईला गावानं हाकलून दिलं, असं काही झालं नाही. कोणी वाईट शब्दही बोललं नाही. हौदाला राखण लागत नाही, म्हणून त्या सुगीला सूपभर धान्य घेऊन कोणी आलं नाही, एवढंच. म्हातारी थोडे दिवस ओट्यावर बसून राहिली, आणि मग गाठोडं घेऊन पलीकडच्या डोंगराकडं चालू लागली. वाटेत तुळसा भेटली.

"आजी, मी सांगायला हवं होतं," तुळसा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"तुला कोण बोलू देणार होतं? मला तरी कुठं दिलं!" येसाई म्हणाली. "मी सांगितलेलं विसरू नकोस म्हणजे झालं. कधीतरी तुला बोलायला सांगतील."

दिवस जात राहिले. कपारीतून येणारं पाणी पूर्वी दगडादगडांतून खेळत पुढं जायचं. आता ते हौदात येऊन थांबायला लागलं. वर सावली नव्हती, पाणी कोमट व्हायचं. चुन्याचा तिखटपणा हळूहळू विरला आणि मग त्या पाण्यात बारीक बारीक, दोऱ्याच्या तुकड्यासारख्या अळ्या वळवळायला लागल्या. पूर्वीही डास तिथं अंडी घालत होतेच की. पण तेव्हा दगडाखाली कोणीतरी भुकेलं बसलेलं असायचं.

आवडाईच्या घागरीत त्या अळ्या आल्या तेव्हा तिनं फडकं बांधून पाणी गाळलं. शेजारणींनाही तिनंच सांगितलं, "गाळून घ्या गं, काही होत नाही." पाणी गाळता आलं, पण हौदावरून संध्याकाळी उठणारे डास कोण गाळणार? दिवेलागणीला ते गावावर घोंगावायचे. पोरं अंग खाजवून रक्त काढायची.

मग ताप आला. हुडहुडी भरून यायचा, अंगावर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, मग घाम फुटायचा, आणि दिवसाआड पुन्हा. सुरुवातीला भट्टीवरच्या गड्यांना आला. मग लेकरांना. आवडाई दारोदार पेज घेऊन धावत होती, हे खोटं नाही. तिच्या हातची पेज प्यायलेली किती लेकरं तिच्या डोळ्यांदेखत वाळत गेली.

चंद्रीला ताप आला तेव्हा साळूनं काय करावं? हौदात आणखी चुना टाकायला लावला. तिला वाटलं, कुठल्या तरी फटीत एखादी पाणपाल राहिली असेल. तिनं स्वतः हौदात उतरून सगळे कोपरे चाचपले. काही सापडलं नाही. घरी येऊन तिनं पोरीला चुन्याची निवळी पाजली, पुन्हा पुन्हा पाजली, तशी पोरीची जीभ सोलून निघाली.

"आई," चंद्री एका दुपारी म्हणाली, "मला झऱ्यावर ने ना. मी बघते, मला दिसेल. मला लगेच दिसते."

"नेते हं, बरी झालीस की नेते."

ती बरी झाली नाही.

पोरीला जिथं तिच्या भावाला ठेवलं होतं तिथंच ठेवलं. साळू रडली नाही. घरी परत येऊन चुलीपुढं बसली आणि तिनं आवडाईला विचारलं, "आता कोणाच्या अंगात विष आहे, आवडाई? पाणपाल तर एकही उरली नाही."

आवडाईच्या हातात पेजेचं भांडं होतं. ते तिला खाली ठेवताही येईना आणि पुढंही करता येईना.

अशात तुळसेचं वर्ष भरलं. कोणाच्या मनात उत्साह नव्हता, पण रीत ती रीत. चावडीवर गाव जमलं. पूर्वी किती घरं यायची आणि आता किती, हे सगळ्यांना दिसत होतं. तुळसा डोक्यावर घागर घेऊन आली. पण तिनं ती वडीलधाऱ्यांपुढं ठेवली तेव्हा टणकन आवाज झाला. घागर रिकामी होती.

"हे काय गं? अपशकुन करतेस?" आवडाई पुटपुटली.

"मी सकाळपासून काठावर उभी होते, आत्याबाई," तुळसा म्हणाली. "पाणपाल आली नाही. म्हणून भरली नाही."

 नाईकाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो हळूच म्हणाला, "बोल, सूनबाई."

तुळसेनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एखाद्याची ठेव परत करावी तसे एक एक शब्द जपून सांगितले :

"येसाईआजी मला म्हणाली होती, पाणपालीच्या अंगात विष असतं, पोरी. जालीम विष. म्हणून तर साप तिला गिळत नाही, घार उचलत नाही, कोणी कोणी तिला खात नाही. तिला मारू शकतं ते एकच, बिघडलेलं पाणी. ती मुकाट्यानं त्यातलं वंगाळ खाऊन टाकते, आणि पाणी तिच्या हाताबाहेर बिघडलं तर सगळ्यांच्या आधी मरते. म्हणून तिचं तोंड बघून घागर भरायची. ती दिसली तर पाणी तुझ्या लेकराला पाजायच्या लायकीचं आहे. आणि तिला हात लावलास तर तो डोळ्याला लावू नको, धुऊन टाक. एवढंच तिचं विष."

 साळूनं विचारलं, "तुला हे तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"मग त्या दिवशी का बोलली नाहीस?"

 तुळसेनं फक्त एकदा सासूकडं पाहिलं, आणि तिच्याबरोबर सगळ्या चावडीनं पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी गाव हौद फोडायला लागलं. पहारी घेतल्या, भिंती पाडल्या, चुना खरवडला. हौदाचे दगड सुटे करून पूर्वीसारखे झऱ्यात ठेवायचे ठरले. नाईकानं स्वतः पहिला दगड उचलला आणि पाण्यावर वाकला. मग तसाच उभा राहिला.

"याची ओली बाजू कुठली?" त्यानं विचारलं.

दगड सगळीकडून सारखाच पांढरा होता. कोरडा. पुढचा उचलला, तोही तसाच. त्यांनी दगड ठेवले, जमतील तसे ठेवले. वर झाडंही लावली. पण झाडाला सावली धरायला माणसाचं निम्मं आयुष्य लागतं, आणि शेवाळ कोणाच्या सांगण्यावरून उगवत नाही. पाणपाली काही आल्या नाहीत. मग गावातल्या बाया घागरी घेऊन पलीकडच्या डोंगरावर जायला लागल्या. लांबची वाट, चढण, पायांना फोड. तिथं एक लहानसा ओढा होता, गर्द झाडीत, आणि त्या ओढ्याच्या काठी येसाईची झोपडी होती.

पहिल्या दिवशी बाकीच्या बाया ओढ्याकडं गेल्या. आवडाई झोपडीपाशी थांबली. येसाई आता फार थकली होती, दारात बसून पानं निवडत होती.

"येसाई," आवडाई म्हणाली, "त्या दिवशी मी तुझ्या कुडामागं उभी होते."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"तुझ्या बांगड्या वाजत होत्या की," येसाई म्हणाली. "म्हटलं, ही सगळ्या गावाला सांगेल, बरंच झालं. रीत सगळे पाळतात, पण कारण विसरलेत. मी म्हातारी किती पुरणार? म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. पुरतं सांगून झाल्यावर कुडाकडं बघून हाकही मारली, आवडाई, आत ये, बस, म्हणून." तिनं एक कुजकं पान काढून बाजूला टाकलं. "मग वास आला. तुझं दूध उतू गेलं होतं ना?"

आवडाई तिथंच दारात खाली बसली. सगळ्या गावाच्या बातम्या जिच्या जिभेवर असायच्या, ती येसाईच्या पुढ्यातली पानं निवडायला लागली.

आणि खाली ओढ्याच्या काठी बाया घागरी कमरेवर घेऊन उभ्या होत्या. साळूही होती. सगळ्या दगडांकडं बघत होत्या, गप्प. पाणपाल कुठंतरी असेलही, दगडाखालून बघत असेल. पण बायांच्या नजरा थकलेल्या होत्या, ऊन वर चढत होतं, आणि "आली, आली!" म्हणून टाळ्या पिटणारं त्यांच्यात आता कोणी नव्हतं.

पाणपालीच्या अंगात विष असतं, ही गोष्ट खरी होती. पण गाव त्या विषानं मेलं नाही.

तात्पर्य : अर्धं खरं हाती घेऊन धावू नये, उरलेलं अर्धं ऐकायला थांबावं, मग चुलीवरचं दूध उतू गेलं तरी जाऊ द्यावं.